नांदेड-लातूरचे मुख्यमंत्री आणि शेजारची खुर्ची

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आपला उपाध्यक्षपदाचा जोडीदार स्वतः निवडतो आणि मतदार त्या दोघांना मिळून एकच मत देतात. त्यामुळे ही निवड म्हणजे उमेदवाराच्या विवेकाची पहिली जाहीर परीक्षा मानली जाते. ही पद्धत प्रारंभापासूनची नव्हे. मूळ राज्यघटनेनुसार दुसऱ्या क्रमांकाची मते मिळवणारा उमेदवार उपाध्यक्ष होत असे, आणि त्या नियमामुळे १७९६ च्या निवडणुकीनंतर जॉन अॅडम्स राष्ट्राध्यक्ष व त्यांचेच प्रतिस्पर्धी थॉमस जेफरसन उपाध्यक्ष अशी विजोड जोडी सत्तेवर आली. १८०४ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने दोन्ही पदांसाठीची मते वेगळी केल्यानंतर एकाच पक्षाची जोडी उभी करण्याची प्रथा स्थिरावली. ऑगस्ट २००८ मध्ये बराक ओबामा यांनी जो बायडेन यांना आणि जॉन मॅकेन यांनी अलास्काच्या गव्हर्नर सेरा पेलिन यांना निवडले, तेव्हा निवडलेल्या व्यक्तींइतकीच निवडणाऱ्यांचीही चिकित्सा झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराष्ट्रात मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री ही दोन्ही पदे एकाच आठवड्यात रिकामी झाली व एकाच दिवशी भरली गेली. मात्र तेथे पहिल्याला दुसरा निवडण्याचा अधिकार नव्हता. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले, आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर कोण बसले, त्याला तेथे कोणी बसवले आणि त्यावर कोणाची काय प्रतिक्रिया उमटली, हे पाहिल्याशिवाय त्या चौघांच्या सत्तेचे खरे माप कळत नाही.

भारताच्या राज्यघटनेत उपमुख्यमंत्री हा शब्द नाही. अनुच्छेद १६४ नुसार राज्यपाल मुख्यमंत्र्याची नेमणूक करतात आणि मुख्यमंत्र्याच्या सल्ल्याने इतर मंत्र्यांची; शपथेचा जो नमुना तिसऱ्या अनुसूचीत दिला आहे, तो 'मंत्री' या पदाचा आहे. डिसेंबर १९८९ मध्ये देवीलाल यांनी शपथ घेताना मंत्री या शब्दाऐवजी उपपंतप्रधान असा उच्चार केला, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि शपथेतील त्या शब्दाने देवीलाल यांना पंतप्रधानाचे कोणतेही अधिकार मिळत नाहीत, ते इतरांसारखेच मंत्री आहेत, या आधारावर ती शपथ वैध ठरली. राज्यांतील उपमुख्यमंत्रीपदांना आव्हान देणारी याचिका फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळतानाही न्यायालयाने हे बिरुद घटनेचा भंग करत नसल्याचे सांगितले. कायद्याने जे पद शून्य आहे, ते राजकारणात मात्र मोठ्या मोलाचे ठरते, कारण ते मिळणे म्हणजे सरकारातील दुसऱ्या शक्तीला मान्यता मिळणे होय.

पहिले दोघे, नांदेडचे शंकरराव चव्हाण आणि लातूर जिल्ह्यातील निलंग्याचे शिवाजीराव पाटील निलंगेकर, यांच्या मंत्रिमंडळांत उपमुख्यमंत्री नव्हता. शंकरराव २१ फेब्रुवारी १९७५ रोजी, अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री असलेल्या वसंतराव नाईकांच्या जागी आले, आणि मराठवाड्यातून त्या पदावर पोहोचलेले ते पहिले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीतून मुक्त झालेल्या आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात सामील झालेल्या या प्रदेशाच्या दृष्टीने ती मोठी घटना होती. पैठणचे जायकवाडी धरण आणि नांदेडजवळची विष्णुपुरी उपसा योजना ही नावे आजही त्यांच्याशी जोडली जातात, आणि शिस्तीच्या आग्रहामुळे 'हेडमास्तर' ही उपाधी त्यांना कायमची चिकटली. त्या काळी राज्यात एकाच पक्षाची निर्विवाद सत्ता होती, त्यामुळे मुख्यमंत्री कोण हे दिल्ली ठरवत असली, तरी एकदा ठरल्यावर त्याच्या बरोबरीला दुसरे कोणी मान्य करण्याची गरज नसे. निलंगेकरांची नेमणूक जून १९८५ मध्ये झाली ती प्रदेशाध्यक्षपदी प्रभा राव यांची निवड केल्याने रागावलेल्या वसंतदादा पाटलांनी राजीनामा दिल्यावर, म्हणजे तीही दिल्लीच्याच एका निवडीवर उमटलेल्या प्रतिक्रियेची निष्पत्ती होती. नऊ महिन्यांत निलंगेकर गेले आणि मार्च १९८६ मध्ये शंकरराव दुसऱ्यांदा आले; खुर्ची लातूरहून नांदेडला सरकली.

दुसरी खुर्ची जन्माला आली ती १९७८ मध्ये, काँग्रेस फुटल्यामुळे. त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत जनता पक्षाला ९९, काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या, आणि जनता पक्षाला रोखण्यासाठी एकमेकांविरुद्ध लढलेल्या दोन काँग्रेस एकत्र आल्या. वसंतदादा मुख्यमंत्री झाले आणि इंदिरा काँग्रेसचे विदर्भातील नेते नाशिकराव तिरपुडे हे राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री. वसंतदादांनी तिरपुड्यांना निवडले नव्हते. दुसऱ्या पक्षाने त्यांना पाठवले होते, आणि दोघांतील बेबनाव लपून राहिला नाही. जुलैत शरद पवार बाहेर पडले, सरकार कोसळले आणि पुरोगामी लोकशाही दलाचे सरकार आले, ज्यात बीडचे सुंदरराव सोळंके उपमुख्यमंत्री होते आणि माजी मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण, ज्यांच्या हाताखाली पवारांनी मंत्री म्हणून काम केले होते, ते आता पवारांच्या मंत्रिमंडळात मंत्री होते. १९८३ मध्ये वसंतदादांच्या शेजारी रामराव आदिक बसले. १९९५ मध्ये शिवसेनेला ७३ व भाजपला ६५ जागा मिळाल्या, तेव्हा मोठ्या पक्षाकडे मुख्यमंत्रीपद आणि धाकट्याकडे उपमुख्यमंत्रीपद हे सूत्र पक्के होऊन मनोहर जोशींच्या शेजारी गोपीनाथ मुंडे गृहखाते घेऊन आले.

या नावांत एक प्रादेशिक आकृती दिसते. मुख्यमंत्री सांगलीचा तर दुसरा विदर्भाचा, मुख्यमंत्री बारामतीचा तर दुसरा बीडचा, मुख्यमंत्री मुंबईचा तर दुसरा पुन्हा बीडचा. मराठवाड्याचा समावेश समतोलासाठी होत असे. मुंडे ज्या रेणापूर मतदारसंघातून विधानसभेत जात, त्याला नाव देणारे गाव लातूर जिल्ह्यात आहे, हे येथे नोंदवले पाहिजे, कारण दुसऱ्या खुर्चीच्या सर्वांत जवळ लातूर जिल्हा पोहोचला तो याच मार्गाने.

१९९९ मध्ये क्रम उलटला. पक्षाध्यक्षांच्या परदेशी जन्माच्या मुद्द्यावर काँग्रेसबाहेर पडलेल्या शरद पवारांनी जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष स्थापन केला, सप्टेंबरात दोन्ही काँग्रेस एकमेकांविरुद्ध लढल्या, आणि निकालात काँग्रेसला ७५, राष्ट्रवादीला ५८, शिवसेनेला ६९ व भाजपला ५६ जागा मिळाल्या. शिवसेना-भाजप युतीत मुख्यमंत्रीपदावरून घासाघीस लांबली आणि तेवढ्या अवधीत दोन्ही काँग्रेसनी मित्रपक्षांसह लोकशाही आघाडी बांधली. १८ ऑक्टोबर १९९९ रोजी लातूरजवळच्या बाभळगावचे विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. चार वर्षांपूर्वी याच विलासरावांचा लातूरमध्ये दारुण पराभव झाला होता आणि पुढे विधान परिषदेची निवडणूकही ते अर्ध्या मताने हरले होते. गावच्या सरपंचपदापासून आलेल्या या नेत्याचे पुनरागमन लातूरकरांना स्वतःच्या विजयासारखे वाटले, यात नवल नाही.

त्यांच्या शेजारी आले छगन भुजबळ, राष्ट्रवादीचे पहिले प्रदेशाध्यक्ष, आणि त्यांच्याकडे गृहखातेही आले. ही निवड पवारांची होती आणि तिच्यावरची सर्वांत तीव्र प्रतिक्रिया काँग्रेसमधून नव्हे, तर शिवसेनेतून उमटली, कारण १९९१ मध्ये सेना फोडून बाहेर पडलेल्या माणसाच्या हाती आता मुंबईचे पोलिस होते. २५ जुलै २००० रोजी १९९२-९३ च्या दंगलींच्या काळातील 'सामना'मधील अग्रलेखांच्या प्रकरणात बाळासाहेब ठाकरे यांना अटक झाली आणि मुदत उलटून गेल्याच्या कारणावरून न्यायालयाने त्याच दिवशी त्यांची मुक्तता केली. या कारवाईचे श्रेय आणि दोष दोन्ही उपमुख्यमंत्र्यांच्या नावावर जमा झाले. मुख्यमंत्री त्या नाट्यात जवळजवळ दिसतच नाहीत. सरकारची सर्वांत ठळक घटना ज्याच्या नावाने ओळखली जाते तो सरकारचा प्रमुख नसणे, ही आघाडीच्या कारभाराची पहिली मोठी खूण होती.

जून २००२ मध्ये काही आमदारांनी व घटक पक्षांनी पाठिंबा काढल्यावर विलासरावांना बहुमत सिद्ध करावे लागले. काँग्रेसचे आमदार बंगळूरला नेऊन ठेवण्यात आले आणि १४३ विरुद्ध १३३ अशा मतांनी सरकार तरले. जे काम विरोधकांना जमले नाही, ते सुमारे सात महिन्यांत स्वपक्षाने केले: जानेवारी २००३ मध्ये काँग्रेसने विलासरावांना हटवून सुशीलकुमार शिंदे यांना आणले. पहिला माणूस बदलला, दुसरा जागेवरच राहिला, कारण भुजबळ हे राष्ट्रवादीचे होते आणि त्यांच्याबाबत काँग्रेसला बोलण्याचा अधिकार नव्हता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भुजबळांनी राजीनामा दिला आणि विजयसिंह मोहिते-पाटील आले, तेव्हा नेमके उलट घडले. दुसरा बदलला आणि पहिला राहिला. एका सरकारात दोन स्वतंत्र नियुक्तीकर्ते असल्याचे याहून स्पष्ट प्रमाण दुसरे सापडणार नाही.

२००४ चा निकाल या इतिहासातील निर्णायक वळण आहे. राष्ट्रवादीला ७१ जागा मिळाल्या आणि काँग्रेसला ६९. १९९५ पासून पाळल्या गेलेल्या सूत्रानुसार मुख्यमंत्री राष्ट्रवादीचा व्हायला हवा होता. दोन आठवड्यांच्या वाटाघाटींनंतर राष्ट्रवादीने अधिक मंत्रिपदांच्या बदल्यात ते पद काँग्रेसला सोडले आणि १ नोव्हेंबर रोजी विलासराव दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. या निर्णयाबद्दलची खंत राष्ट्रवादीच्या नेत्यांनी, विशेषतः अजित पवारांनी, पुढे अनेकदा जाहीरपणे बोलून दाखवली. लातूरला मुख्यमंत्रीपद मिळाले ते असे, धाकट्या पक्षाच्या नेत्याला मिळालेले, आणि म्हणून आरंभापासूनच महागात पडलेले. शेजारी या वेळी आर. आर. पाटील होते. सांगली जिल्ह्यातील अंजनीच्या या नेत्याला ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावोगाव ओळख दिली होती. त्यांच्या निवडीचे स्वागत त्यामुळे पक्षाच्या सीमा ओलांडून झाले, आणि डान्स बारवरील बंदी व तंटामुक्त गाव मोहीम यांनी ती ओळख वाढतच गेली.

ही विभागणी प्रत्यक्षात कशी चाले, हे एका फाइलीच्या प्रवासावरून समजते. शासनाच्या कार्यनियमावलीनुसार खर्चाचा भार पडणाऱ्या प्रस्तावावर वित्त विभागाचा अभिप्राय घ्यावा लागतो, आणि तो आल्यावरच विषय मंत्रिमंडळापुढे जातो. १९९९ ते २००८ या काळात वित्त खाते राष्ट्रवादीच्या जयंत पाटलांकडे होते, गृहखाते राष्ट्रवादीकडे होते आणि जलसंपदाही राष्ट्रवादीकडे होते. मुख्यमंत्री कोणतीही फाइल मागवू शकतात, मंत्र्याचा निर्णय बदलू शकतात, राज्यपालांना मंत्री वगळण्याचा सल्ला देऊ शकतात. पण मित्रपक्षाच्या मंत्र्याबाबत हे अधिकार वापरले तर सरकारच राहत नाही, म्हणून ते कागदावर राहतात. मराठवाड्याचे गाऱ्हाणे पिढ्यान्‌पिढ्या पाण्याचे आणि अनुशेषाचे, म्हणजे इतर विभागांच्या तुलनेत मागे राहिलेल्या विकासाच्या भरपाईचे आहे. मुख्यमंत्री लातूरचा असताना हे गाऱ्हाणे का मिटले नाही, असा प्रश्न जे विलासरावांना विचारतात, त्यांनी पाण्याची आणि पैशाची खाती कोणाकडे होती, हेही विचारणे न्यायाचे ठरेल. तरीही हा युक्तिवाद विलासरावांना पूर्ण मोकळे करत नाही. खातेवाटपाला संमती त्यांनीही दिली होती.

राष्ट्रीय पातळीवर हाच नमुना २००७ मध्ये दिसला, आणि त्यातही लातूरचे नाव होते. राष्ट्रपतीपदासाठी काँग्रेसच्या विचारात असलेल्या नावांत केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील चाकूरकर यांचे नाव आघाडीवर होते. २००४ मध्ये लातूरची लोकसभा जागा गमावूनही ते राज्यसभेतून गृहमंत्री झाले होते. डाव्या पक्षांना ते नाव मान्य झाले नाही आणि १४ जून रोजी प्रतिभा पाटील यांची उमेदवारी जाहीर झाली. मराठी उमेदवार म्हणून शिवसेनेने भाजपची साथ सोडून त्यांना पाठिंबा दिला, आणि ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ अशा मतमूल्याने त्या भैरोसिंह शेखावतांवर विजयी झाल्या. भारतात राष्ट्रपती व उपराष्ट्रपती यांच्या निवडणुका स्वतंत्र होतात, त्यांचे मतदारही वेगळे असतात; पण राजकीय हिशेबात ती जोडीच असते. पहिले नाव काँग्रेसचे ठरल्यावर दुसऱ्यासाठी हमीद अन्सारी यांचे नाव डाव्यांनी सुचवले आणि ते मान्य झाले. प्रतिभाताईंनी अन्सारींना निवडले नव्हते, जसे विलासरावांनी भुजबळांना वा आर. आर. पाटलांना निवडले नव्हते.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा देशाचे गृहमंत्री चाकूरचे होते आणि राज्याचे मुख्यमंत्री बाभळगावचे. एकाच जिल्ह्यातील दोन माणसांवर अशा प्रसंगी इतकी जबाबदारी एकवटल्याचे दुसरे उदाहरण महाराष्ट्राच्या इतिहासात नाही. १६६ लोकांचा बळी गेला. ३० नोव्हेंबरला शिवराज पाटील यांनी राजीनामा दिला. मोठ्या शहरांत असे प्रकार घडतात, अशा आशयाच्या विधानाने संतापाचे धनी झालेले आर. आर. पाटील १ डिसेंबरला पायउतार झाले. उद्ध्वस्त ताज हॉटेलची पाहणी करताना विलासरावांसोबत त्यांचे अभिनेते पुत्र आणि चित्रपट दिग्दर्शक रामगोपाल वर्मा होते, हे चित्र वाहिन्यांवर दिसल्यावर त्यांचे पद टिकणे अशक्य झाले. आठवडाभरात लातूरने दिल्लीतील गृहमंत्रालय आणि मुंबईतील मुख्यमंत्रीपद दोन्ही गमावले. लोकांचा राग समजण्यासारखा होता आणि तो योग्यही होता. मात्र पोलिस दल ज्या खात्याच्या हाती होते ते मुख्यमंत्र्यांच्या पक्षाकडे नव्हते, ही गोष्ट त्या संतापाच्या लाटेत फारशी कोणी मांडली नाही.

नव्या नेत्यासाठी दिल्लीहून निरीक्षक आले, आमदारांची मते अजमावली गेली आणि निर्णय पक्षश्रेष्ठींवर सोपवला गेला. ५ डिसेंबरला नांदेडच्या अशोक चव्हाणांचे नाव जाहीर झाले. शिवसेनेतून २००५ मध्ये काँग्रेसमध्ये आलेले आणि या पदाची आशा बाळगून असलेले नारायण राणे यांनी श्रेष्ठींवरच उघड तोफ डागली, आणि दुसऱ्याच दिवशी पक्षाने त्यांना निलंबित केले. या गदारोळात दुसऱ्या खुर्चीची निवड तुलनेने शांतपणे झाली. राष्ट्रवादीने भुजबळांना पुन्हा पुढे केले. काही महिन्यांवर आलेल्या लोकसभा व विधानसभा निवडणुकांत इतर मागासवर्गीय मतदारांना दिलेला तो संकेत होता. पण १९९९ च्या आणि २००८ च्या भुजबळांत फरक होता. या वेळी गृहखाते त्यांना न देता जयंत पाटलांना देण्यात आले आणि भुजबळांकडे सार्वजनिक बांधकाम खाते राहिले. उपमुख्यमंत्री हे बिरुद आणि त्यामागचे बळ या वेगळ्या वस्तू आहेत, हे राष्ट्रवादीनेच दाखवून दिले.

८ डिसेंबरला अशोक चव्हाणांनी शपथ घेतली आणि पिता-पुत्र दोघेही मुख्यमंत्री झाल्याचे राज्यातील पहिले उदाहरण घडले. नांदेडला तेव्हा चांगले दिवस होते. नुकताच ऑक्टोबरमध्ये गुरू ग्रंथसाहिब यांच्या गुरुतागद्दीचा, म्हणजे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी ग्रंथाला गुरुपद दिल्याच्या घटनेचा, त्रिशताब्दी सोहळा शहरात झाला होता आणि त्यानिमित्ताने रस्ते व पुलांची कामे झाली होती. जानेवारी २००९ मध्ये मंत्रिमंडळाने नांदेड येथे नवे विभागीय आयुक्तालय, म्हणजे अनेक जिल्हाधिकारी कार्यालयांवरचे महसुली मुख्यालय, स्थापण्याचा निर्णय घेतला. ते कार्यालय लातूरला व्हावे ही मागणी जुनी असल्याने लातुरात आंदोलने पेटली आणि एकाच पक्षाचे, एकाच विभागाचे दोन जिल्हे समोरासमोर आले. मुंबईतील दुसऱ्या खुर्चीवर कोण बसले याबद्दल या दोन शहरांत फार बोलले गेले नाही. बोलले गेले ते पहिली खुर्ची एका गावाहून दुसऱ्या गावी गेल्याबद्दल. या भांडणात दोघांचेही नुकसान झाले, कारण ते आयुक्तालय नांदेडलाही कार्यान्वित झाले नाही आणि लातूरलाही मिळाले नाही.

ऑक्टोबर २००९ मध्ये काँग्रेसला ८२ आणि राष्ट्रवादीला ६२ जागा मिळाल्या. पारडे झुकल्याने काँग्रेसने खात्यांच्या फेरवाटपाचा आग्रह धरला, मंत्रिमंडळाचा आकार विधानसभेच्या १५ टक्क्यांपुरता मर्यादित करणाऱ्या ९१ व्या घटनादुरुस्तीमुळे पदे आधीच कमी होती, आणि निकाल २२ ऑक्टोबरला लागूनही चव्हाण व भुजबळ यांचा शपथविधी ७ नोव्हेंबरला झाला. गृहखाते अखेर राष्ट्रवादीकडेच राहिले आणि त्या खात्यात आर. आर. पाटील परतले, या वेळी उपमुख्यमंत्री न होता. वर्षभराने, ९ नोव्हेंबर २०१० रोजी, आदर्श गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात अशोक चव्हाणांना पद सोडावे लागले. मुख्यमंत्री गेला की त्याच्यासह सारे मंत्रिमंडळ जाते, त्यामुळे भुजबळांचे पदही संपले. राष्ट्रवादीने ही संधी साधून त्यांच्या जागी अजित पवारांना बसवले आणि ११ नोव्हेंबरला पृथ्वीराज चव्हाणांसोबत त्यांचा शपथविधी झाला. नांदेडच्या मुख्यमंत्र्याच्या पतनाचा लाभ अशा रीतीने मित्रपक्षातील अंतर्गत बदलाला झाला.

त्यानंतर नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातून कोणीही मुख्यमंत्री झालेले नाही. उपमुख्यमंत्रीपदाच्या १९७८ पासूनच्या यादीत भंडारा, बीड, नाशिक, सोलापूर, सांगली, बारामती, नागपूर आणि ठाणे यांच्याशी जोडलेली नावे आहेत. ५ डिसेंबर २०२४ रोजी तर एकाच वेळी दोन उपमुख्यमंत्र्यांनी शपथ घेतली. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील एकाही नेत्याचे नाव त्या यादीत आलेले नाही.